पादरी, परधान आणि शिळावर्तुळं

सन 1863, सप्टेंबर. आजच्या बालाघाट जिल्ह्यातल्या बिरस्यात उभे आहात, पण ओळखीचं काहीच दिसत नाही. मलांजखंडची तांब्याची खाण नाही. बालाघाट जिल्हाही नाही. तो 1867 मध्ये होईल. आहे ते साल-बांबूचं रान आणि गोंड-बैगांचे पाडे. मध्य प्रांत स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं झालीत, राजधानी नागपूर. रेल्वे अजून तिथे पोहोचायची आहे. तेव्हा घाट पायी उतरा, पुढे छकडा मिळेल.

नागपुरात पादरी हिस्लॉप यांचं घर कुणालाही विचारा. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, मराठी शिकले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. खोलीत बायबलपेक्षा दगडच जास्त. टाकळीच्या खडकातल्या दगड झालेल्या बिया उचलून पाहा. मांगलीला सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी तर लंडनला गेली; रिचर्ड ओवेन यांनी तिचं नामकरण केलं.

आता शेजारचे कागद बघा. अक्षरं रोमन, भाषा गोंडी. परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेली लिंगोची कथा: महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने कसं सोडवलं. तुमच्या रानात ती रात्र-रात्र गायली जाते. ती कागदावर उतरवतोय कोण, तर हे देव खोटे असं सांगायला सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस!

4 तारखेला त्यांच्यासोबत टाकळघाटला चला. प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपलही आलेत. जमिनीवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, मजूर आतली माती उपसतायत, खापरं निघतायत. इथे कोण पुरलंय, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. टेंपल मुक्कामाकडे निघतात, तुम्हीही निघता. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबतात.

अंधार पडतो. मागून टापांचा आवाज येतो, तुम्ही वळून पाहता: घोड्यावर कुणीच नाही. पावसाने नाला फुगलाय. मशाली घेऊन शोध सुरू होतो. सापडतं ते प्रेतच. चार दिवसांनी त्यांना 46 वर्षं पूर्ण झाली असती.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. 1866 मध्ये टेंपल ते कागद छापतात. 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खनन करतात. वर्तुळं लोहयुगातल्या माणसांची दफनं ठरतात. खापरांना शास्त्राची साथ मिळाली, पण गाण्याचं काय? परधानाने गायलेलं सगळंच पादऱ्याच्या कानाला कळलं असेल असं नाही. छापील लिंगो वाचताना ही शंका ठेवायलाच हवी. पण शंका घ्यायला मजकूर हातात लागतो. ज्याचा देव पटत नव्हता त्याचंही म्हणणं हिस्लॉपनी ओळ न ओळ ऐकून घेतलं, म्हणून आज तो मजकूर आपल्या हातात आहे.