फ्रॉइडचा 'मी' आणि आपला अहंकार

परवा एका भाच्याने फोनवर विचारलं, "मामाजी, पोराचा इगो फार वाढला आहे, काय करावं?" पोर अडीच वर्षांचं! मी म्हटलं, अरे, वाढू दे की. त्याचं तेच तर वय आहे.

हा सगळा घोळ भाषांतराचा आहे. फ्रॉइडने १९२३ साली जर्मनमध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात शब्द होता 'इख', म्हणजे आपला साधा 'मी'. १९२७ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं आणि त्या 'मी'चा लॅटिन 'इगो' झाला. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांनी त्याला 'अहं' केलं. अहं म्हटलं की आपल्याला अहंकार आठवतो, आणि अहंकार म्हणजे गर्व! खरं तर सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांत अहंकार हे एक तत्त्व आहे, आणि तिथे त्याचा अर्थ गर्व नाही, 'मी'पणाची जाणीव आहे. म्हणजे सांख्यांचा शब्द फ्रॉइडला जवळचा. पण वापरात राहिला तो संतांनी सोडायला सांगितलेला अहंकार. असो.

फ्रॉइडचं म्हणणं थोडक्यात असं. तान्ह्या बाळाला आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हे कळत नाही. भूक लागली आणि दूध लगेच आलं नाही, की त्याला पहिल्यांदा जाणवतं की आपल्याबाहेरही काही आहे. आतल्या इच्छांचा बाहेरच्या जगाशी असा संबंध येत येत त्या इच्छांतूनच एक भाग वेगळा होतो, थांबायला शिकतो. तोच 'मी'. फ्रॉइड त्याला घोडेस्वाराची उपमा देतो. पण ताकद सगळी घोड्याची, त्यामुळे कधी कधी घोडा नेईल तिकडेच स्वाराला जावं लागतं.

हा विचार आपल्याकडे लवकर आला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्याला भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, मतभेदही होते. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णूची मूर्ती गेली आणि त्यांनी ती आपल्या टेबलावर ठेवली.

पुढे १९७८ मध्ये सुधीर काकर यांनी 'द इनर वर्ल्ड'मध्ये लिहिलं की भारतीय मुलगा चार-पाच वर्षांपर्यंत आईच्या कुशीत असतो आणि मग एकदम पुरुषांच्या जगात ढकलला जातो. त्यामुळे त्याचा 'मी' उशिरा आणि थोडा कच्चा वेगळा होतो. १९९२ मध्ये स्टॅन्ली कुर्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने यावर हरकत घेतली. इथे आई एकटी नसते, काकू, आजी, आत्या अशा पुष्कळ आया असतात, असं त्याचं म्हणणं.

मला दुसरा जास्त पटतो, पण पूर्ण नाही. आमच्या झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात. लेकरू असतं मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती बहीणही सात-आठ वर्षांचीच! रोवणी लागली की माझ्या वर्गात मुलींच्या जागा रिकाम्या दिसायच्या. भावाचा 'मी' तिच्या कडेवर वाढला. तिचा कधी आणि कोणाच्या कडेवर वाढला? ती स्वतः लेकरू असतानाच कोणाची तरी आई झालेली असायची. कोणत्याच सिद्धान्तात ती नीट बसत नाही.

फ्रॉइडची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९२० च्या पुस्तकात त्याने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ सांगितला आहे. आई बाहेर गेली तरी पोरगं रडायचं नाही. दोरा बांधलेली लाकडी रिळ पलंगाआड फेकायचं, 'ओ-ओ' म्हणायचं, म्हणजे 'गेली'. मग ओढून परत आणायचं आणि आनंदाने 'दा', म्हणजे 'ही बघ'. आईचं जाणं-येणं त्याच्या हाती नव्हतं, रिळाचं होतं.

ते वाचताना मला आपला तान्हा पोळा दिसला. (तो नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं मानतात.) आदल्या दिवशी खऱ्या बैलाच्या शिंगाला भिऊन बापाच्या पायामागे लपलेलं पोर दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघरी बोजारा मागतं! बैल आता त्याच्या मागे चालतो.

पूर्वी हे पोरांचंच काम होतं. आता अड्याळला मुलीही नंदी सजवून आणतात. मागच्या पोळ्याला दोघी दारात आल्या, एक मोठी, एक चिमुरडी. मी चिमुरडीला विचारलं, "नंदी ताईचा का?" तिने दोरी घट्ट धरली आणि म्हणाली, "माजा होय." मोठीचा नंदी वेगळा होता, मागे पायरीखाली उभा.