जबलपूरच्या टाउन हॉलवरचा झेंडा

जबलपूरचा व्हिक्टोरिया टाउन हॉल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. मध्ययुगात या मुलखात नगरगृह नावाची गोष्टच नव्हती. सत्ता गढांत बसे. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचे ५२ गढ सांगितले जातात. त्यांपैकी मदनमहालाची गढी आजही जबलपूरच्या खडकांवर उभी आहे. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, हिरण नदी जिथे उगम पावते ते कुंडम, हाही त्याच गोंड मुलखाचा भाग. मराठ्यांनी १७८१ मध्ये हे राज्य घेतले, १७९८ पासून ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. धनी बदलले, तरी गावाचा कारभार गावाने एका छपराखाली बसून करावा अशी सोय कोणीच केली नव्हती.

वेळ मात्र मोजली जात होती. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी हळूहळू आत शिरे, वाटी भरून बुडे, की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटे. लगेच ती रिकामी करून पुन्हा तरंगत सोडायची आणि टांगलेल्या धातूच्या थाळीवर टोला द्यायचा. त्या थाळीला तास म्हणत. आपण रोज बोलतो तो ‘तास’ तिथलाच. पण हा तास वाड्याच्या किंवा किल्ल्याच्या दारात वाजे. तो धन्याचा असे, गावाचा नव्हे.

युरोपातल्या मध्ययुगीन शहरांचा इतिहास इथेच वेगळा होतो. प्रागच्या जुन्या शहरातील नागरिकांना १३३८ मध्ये राजाकडून नगरगृह ठेवण्याची परवानगी मिळाली आणि १४१० मध्ये त्याच्या मनोऱ्यावर ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ बसले. सूर्य, चंद्र आणि राशिचक्र दाखवणाऱ्या त्या तबकडीवर सूर्यास्तापासून मोजायचे तासही आहेत. फ्लँडर्समधल्या शहरांना मनोरा आणि घंटा यांचा हक्क सनदेने मिळे. कोणाच्या हुकमाने घंटा वाजते, यावरून शहर कोणाचे हे कळे. म्हणून बंडखोर शहराला शिक्षा करायची तर तेच काढून घेत. १३८२ च्या लढाईनंतर बर्गंडीच्या ड्यूकने कोर्ट्राइक शहराचे घड्याळ घंटेसकट उतरवून दिजोंला नेले. ते आजही तिथल्या चर्चवर आहे.

जबलपूरला म्युनिसिपालिटी १८६४ मध्ये आली. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग याच शहरात जोडले गेले आणि गाव एकदम देशाच्या हमरस्त्यावर आले. गाड्या मद्रासच्या वेळेवर धावत, शहर आपल्या सूर्यावर चाले. सगळ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली. लोहमार्ग आल्यानंतरच्या वाढत्या काळात टाउन हॉल झाला. त्याला नाव मिळाले महाराणीचे. म्हणजे इमारत शहराची आणि नाव साम्राज्याचे. पुढच्या झगड्याचे बीज इथेच आहे.

ऑक्टोबर १९२२ मध्ये असहकाराचा आढावा घेणारी काँग्रेसची समिती जबलपुरात आली. टाउन हॉलमध्ये तिला मानपत्र दिले गेले आणि इमारतीवर काँग्रेसचा झेंडा चढला. ही बातमी थेट ब्रिटिश पार्लमेंटात पोचली आणि असे पुन्हा होऊ देणार नाही, अशी ग्वाही सरकारला तिथे द्यावी लागली. मार्च १९२३ मध्ये राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज यांची दुसरी समिती आली. म्युनिसिपालिटीला पुन्हा झेंडा लावायचा होता. डेप्युटी कमिशनरने अट घातली की शेजारी युनियन जॅकही लागला पाहिजे. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष कंछेदीलाल जैन यांनी ती मानली नाही. निवडून आलेल्यांनी आपल्याच इमारतीवर काय लावावे, हे एका अधिकाऱ्याने ठरवायचे होते. वाद कापडाचा नव्हता, घराच्या मालकीचा होता.

१८ मार्च १९२३. गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. पंडित सुंदरलाल, कवयित्री सुभद्राकुमारी चौहान, त्यांचे पती लक्ष्मणसिंह आणि इतर कार्यकर्ते मिरवणुकीने निघाले. पोलिसांनी वाट अडवली. तेवढ्यात प्रेमचंद जैन, सीताराम जाधव, परमानंद जैन आणि खुशालचंद जैन हे टाउन हॉलवर चढले आणि त्यांनी झेंडा फडकवला. खादीचा झेंडा, वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि त्यांवर चरखा. लाठ्या चालल्या, माणसे पकडली गेली, झेंडा खाली ओढून पायांखाली तुडवला गेला. सुंदरलालांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. कोर्ट्राइकचे घड्याळ उतरवणाऱ्या ड्यूकला आणि हा झेंडा तुडवणाऱ्या शिपायांना एकच गोष्ट मोडायची होती.

ती मोडली नाही. झेंडा तुडवल्याची बातमी नागपुरास पोचली. मध्य प्रांताच्या त्या राजधानीत १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंड्याची मिरवणूक निघाली आणि १ मेपासून जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने रीतसर सत्याग्रह सुरू झाला. इंग्रज वस्तीच्या सिव्हिल लाइन्समधून झेंडा न्यायचा, एवढीच मागणी. रोज तुकडी निघायची, रोज पकडली जायची. बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. देशभरातून आलेले दीड हजाराहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले आणि शेवटी १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार पडली. झेंडा सत्याग्रहाची आठवण निघाली की नागपूरचेच नाव पुढे येते. त्या सत्याग्रहाचा पहिला झेंडा मात्र जबलपूरच्या टाउन हॉलवर चढला होता, हे विसरणे त्या चौघांवर अन्याय आहे.

शहराला गावकीचे म्हणावे असे घड्याळ मिळाले ते वेगळ्या जागी. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पट्टाभी सीतारामय्यांना १,३७७ विरुद्ध १,५८० मतांनी हरवून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणत तिथे आले होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून भर बाजारात कमान उभी राहिली. तिच्या माथ्यावर घड्याळ आहे आणि लोक तिला कमानिया गेट म्हणतात. गाड्या, हातगाड्या आणि गिऱ्हाइके तिच्याखालून ये-जा करतात. ना किल्ला, ना वाडा, वेळ बाजाराच्या रस्त्यावरूनच दिसते.

टाउन हॉलवरून महाराणीचे नाव गेले. आता तो गांधी भवन आहे आणि तिथे ग्रंथालय चालते.