अकोल्याच्या डोंगरात तीन-चार दिवस भटकायचंय? बारी, रतनवाडी की पाचनई, हे आधी ठरवा

अकोले : जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई, पुणे, नाशिककडच्या गाड्या घोटी-राजूर रस्त्याला लागतात आणि बहुतेकांचा मुक्काम ठरलेला असतो, कळसूबाई. राज्यातलं सर्वात उंच शिखर (१६४६ मीटर) म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण एका दिवसात शिखर करून परत फिरणं वेगळं आणि तीन-चार दिवस काढून डोंगरात चालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी येणाऱ्यांनी आधी शिखर नव्हे, भाग निवडायला हवा. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात असे तीन भाग आहेत. तिन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतात, पण तिथलं चालणं, पाणी आणि गर्दी यांत बराच फरक आहे.

बारी : एका दिवसाचा डोंगर

कळसूबाईची नेहमीची वाट बारी गावातून निघते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. बऱ्यापैकी चालणाऱ्याला वर पोहोचायला तीन-साडेतीन तास लागतात. माथ्यावर कळसूबाईचं छोटं मंदिर आहे आणि नवरात्रात पंचक्रोशीतून लोक दर्शनाला येतात. वाट मळलेली असल्याने चुकायची भीती कमी. अडचण गर्दीची आहे. पावसाळी रविवारी शिड्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, लोखंड ओलं, खालचा दगड शेवाळलेला, मागून ढकलाढकली. अशा वेळी डोंगर सोपा आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांना कळसूबाई करायचीच आहे त्यांनी मधला वार धरावा आणि पहाटे निघावं. चार दिवसांची सुट्टी मात्र इथे पुरवून पुरवून काढावी लागते.

रतनवाडी-साम्रद : मुक्काम करावा असा भाग

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. याच पाण्यावर खाली श्रीरामपूर, राहुरीकडची बागायत उभी राहिली, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या धरणाच्या जलाशयाला वळसा घालत रस्ता रतनवाडीला पोहोचतो. गावात अमृतेश्वराचं जुनं कोरीव मंदिर आणि शेजारी पुष्करणी आहे, मागे रतनगड. प्रवरेचा उगम याच डोंगरात मानला जातो. नेवाशाजवळ प्रवरासंगमावर गोदावरीला मिळणारी नदी इथे मात्र उन्हाळ्यात पाय न भिजवता ओलांडता येते.

रतनगड चढायला जंगलातून वाट आहे, शेवटी शिड्या आणि दरवाजे. वर मुक्कामाजोगी गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. माथ्यावर खडकाला आरपार भोक पडलेलं आहे, त्याला नेढं म्हणतात. तिथे बसलं की समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका रांगेत दिसतात. वारा जोराचा असतो, लहान मुलांना हाताला धरूनच न्यावं. उतरताना त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे जाता येतं, म्हणजे आल्या वाटेने परतायची गरज नाही.

साम्रदला सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे अरुंद भेग. सुरुवातीचा टप्पा दगडधोंड्यांतून चालत करता येतो, मधे पाण्याची डबकी लागतात. पुढे कोकणात उतरायचं तर दोर लागतो आणि तो वापरता येणारी माणसंही. पावसाळ्यात इथे उतरायचं नाही. वर घाटघर परिसरात पाऊस कोसळला की पाण्याला जायला हीच एक वाट असते आणि आत सापडलेल्याला बाजूला सरकायला जागाच नसते. आकाश निरभ्र दिसतंय म्हणून जून-जुलैत आत शिरणाऱ्यांना गावातली माणसं अडवतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये.

पाचनई-कुमशेत : हरिश्चंद्रगडाच्या अंगाने

हरिश्चंद्रगडाला अनेक वाटा आहेत आणि इथेच बहुतेकांची निवड चुकते. राजूरकडून पाचनईला आलं की दोन-अडीच तासांत गडावर पोहोचता येतं. घरातली वडीलधारी मंडळी, शाळकरी मुलं बरोबर असतील तर हीच वाट घ्यावी. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीने येणारी वाट लांबची आहे, पुरता अर्धा दिवस जातो. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून नळीची वाट येते, ती सराव असलेल्यांनीच चढावी. फोटो तिन्ही वाटांनी आलेल्यांचे सारखेच दिसतात, त्यावरून वाटेचा अंदाज बांधू नये.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि पश्चिमेला कोकणकडा. गुहेतल्या शिवलिंगाभोवती गार पाणी असतं आणि चार खांबांपैकी एकच खांब शाबूत आहे. कोकणकड्यावरून कर्नल साईक्स याने १८३५ मध्ये गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, पाहिल्याची नोंद आहे. ते दिसायला खाली दरीत धुकं आणि पाठीमागे ऊन लागतं. ते हटकून दिसेलच असं नाही. कड्याची कडा आतल्या बाजूला वळलेली आहे, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्याला पायाखाली काय आहे ते दिसत नाही. तिथे पोटावर झोपूनच डोकावायचं.

दोन्ही भाग जोडता येतात

चार दिवस हाताशी असतील आणि रोज सहा-सात तास चालायची तयारी असेल तर रतनवाडी ते पाचनई हा पल्ला तालुक्यातला सर्वात चांगला म्हणता येईल. पहिला दिवस रतनगड. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला मुक्काम. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, चौथ्या दिवशी उतरून राजूर. कात्राबाईच्या जंगलात ढोरवाटा फुटतात आणि मोबाइलला रेंज नसते, तेव्हा रतनवाडीतूनच वाटाड्या घ्यावा. अलंग-मदन-कुलंग या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. अलंग आणि मदनला कातळावर दोर लावून चढावं लागतं, ती सुट्टीची भटकंती नव्हे.

कधी यायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पाऊस थांबलेला असतो, टाक्यांत पाणी असतं, भात कापणीला आलेलं असतं. रात्री थंडी चांगलीच पडते, पातळ चादरीवर भागत नाही. मार्चनंतर टाकी तळाला जातात, मग प्रत्येकाने किमान तीन-चार लिटर पाणी पाठीवर घ्यायचं. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे पाहायला झुंबड उडते. काजवे पाहावेत, पण त्याच रात्रींना चालण्याचा बेत जोडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे असतात, ओढेही फुगलेले असतात. मुसळधार पावसात प्रशासन किंवा वनविभाग काही ठिकाणं बंदही करतो.

मुक्काम शक्यतो गावातल्या घरी करावा. इथे शेती मुख्यतः पावसावरची, भाताची. कापणी झाली की अनेक कुटुंबं जुन्नर तालुक्यात बागायतीवर मजुरीला उतरतात. हिवाळ्यात पाहुणे आले तर निदान काहींचं ते जाणं टळतं. सगळी गर्दी पावसाळी शनिवार-रविवारी आणि बाकीचे महिने घरं रिकामी, ही तक्रार बारीपासून पाचनईपर्यंत सारखीच ऐकू येते. पिठलं, भाकरी, भात, ठेचा एवढं जेवण सगळीकडे मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगावं. ऐनवेळी वीस जण दारात उभे राहिले तर चूल पेटायलाच रात्र होते.

मुंबईकडून रेल्वेने कसारा किंवा इगतपुरीला उतरून पुढे घोटीमार्गे, पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूर असं येता येतं. राजूरच्या पुढे एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, परतीची वेळ चालक-वाहकाला उतरतानाच विचारून ठेवावी. रोख पैसे राजूरलाच काढावेत. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्यायची आणि मुक्कामाचे, तंबूचे, चुलीचे नियम तिथेच विचारायचे. कड्याखाली आग्या मोहोळं असतात, त्यांच्या जवळपास धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर काहीही चालत नाही.