डायनासोरचा जीवाश्म दात : ओळख
डायनासोरच्या सुट्या दातावरून गट ओळखता येतो. प्रजाती मात्र क्वचितच. बहुतेक मांसाहारी डायनासोरांचे दात चपटे, मागे वळलेले व करवती कडांचे असतात; स्पायनोसॉरसचे शंक्वाकृती, करवतीविना दात मगरीचे वाटू शकतात. दंतवल्क कठीण असल्याने दात उत्तम टिकतो, मग नावासाठी तो पुरेसा का नसावा, असा आक्षेप येतो. परंतु टिकाऊपणा म्हणजे वेगळेपण नव्हे : समान आहारामुळे दूरच्या प्राण्यांचेही दात सारखे घडतात. उदाहरणार्थ, पुराजीवशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये माँटानातील डायनासोरच्या एका दाताला ट्रूडॉन हे नाव देऊन तो चुकीने सरड्याचा मानला. १९२४ मध्ये चार्ल्स गिलमोर यांनी दंतसाम्यावरून जाड कवटीच्या स्टेगोसेरस या वेगळ्या डायनासोरलाही चुकीने ट्रूडॉनमध्येच गणले. म्हणून कडांचे दाते, छेद व सापडलेला खडकस्तर एकत्र तपासूनच निष्कर्ष काढावा.