बैलाचे लक्षण : शकुनापासून चित्रमापनापर्यंत

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत बैलाच्या दात-खुरांइतकाच त्याचा स्वभावही पारखला जातो. रोवणीपूर्वी धानाच्या बांधीत, चिखलात, बैलजोडी माणसाच्या अगदी निकट राबते. तेथे बुजरा बैल धोक्याचा. 'गरीब', 'मारका', 'बुजरा', 'बशा' ही विशेषणे अशा सहवासातूनच रूढ झाली. परंतु ती बैलाचे वागणे पाहिल्यावर लागतात. स्वभाव आधीच ओळखावयाचा, तर बाह्य खूण हवी. तिलाच लक्षण म्हणतात.

प्राचीन ग्रंथांत या कल्पनेची दोन रूपे आढळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाने जनावराचा डाग, वर्ण व शिंगांमधील अंतर यांची नोंद ठेवावी, असे सांगितले आहे. तेथे लक्षण म्हणजे ओळख. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उंदरासारख्या डोळ्यांची गाय अशुभ मानली आहे. तेथे लक्षण म्हणजे शकुन. भोवऱ्यांवरून बैलाचे शुभाशुभ सांगण्याची रूढीही याच दुसऱ्या प्रकारात मोडते. जनावराच्या मनाचा विचार दोहोंतही गौणच राहिला.

तो विचार पुढे आला मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत. तेथील मोठ्या कळपांत प्रत्येक जनावराशी माणसाचा दीर्घ सहवास घडत नाही. १९९५ साली अमेरिकेत टेंपल ग्रँडिन व सहकाऱ्यांनी सुमारे १,५०० गुरे तपासली. डोळ्यांच्या वर भोवरा असलेली गुरे जखडली असता अधिक अस्वस्थ होतात, असे त्यांस दिसले. २००२ साली नॉर्वेतील संशोधकांनी चारा दिसूनही न मिळालेल्या गाईंच्या डोळ्यांतील पांढरा भाग अधिक उघडा पडतो, असे दाखविले. २००९ साली कॅनडातील ग्वेल्फ येथे चित्रफितींवरून याच भागाचे प्रमाण मोजून मांसोत्पादक गुरांचा स्वभाव ताडण्यात आला. ज्या भोवऱ्यात व डोळ्यांत पूर्वी धन्याचे भाग्य वाचले जाई, त्यांतच आता जनावराची भीती वाचली जाऊ लागली.

मात्र चित्र एका क्षणाचे असते, स्वभाव वर्षानुवर्षांच्या वागण्यातून प्रकट होतो. म्हणून चित्रातील मापाला वर्तनाच्या नोंदींशी पडताळूनच अर्थ येतो. झाडीपट्टीत अशा नोंदी बहुतांशी शेतकऱ्याच्या बोलीत आहेत. येथील कठाणी गोवंशास आता स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. तिच्या रंग-शिंगांच्या वर्णनाबरोबर स्वभाववाचक शब्दही संग्रहित व्हावयास हवेत. ट्रॅक्टरामुळे बैलजोडी मागे पडली की हे शब्दही मागे पडतील, आणि मग यंत्राने टिपलेला डोळा कोणत्या अनुभवाशी ताडून पाहावा, हे सांगणारे कोणी उरणार नाही.