पान आपलं, फोटो दुसऱ्याच्या घरी

परवा आमच्या पोर्टलच्या जुन्या बातम्या चाळत होतो. मजकूर शाबूत, पण कितीतरी ठिकाणी फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट. कारण लगेच लक्षात आलं. तेव्हा फोटो आपल्या सर्व्हरवर चढवायचा कंटाळा करून आम्ही लिंक चिकटवायचो. काही फोटो दुसऱ्या साइटवरचे, काही आमचेच, पण फुकटच्या साइटवर ठेवलेले. याला हॉटलिंकिंग म्हणतात. तिकडून फोटो काढला की इकडचाही गेला.

ही सोय फार जुनी आहे. २५ फेब्रुवारी १९९३ ला मोझेक ब्राउझरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसनने पानात चित्र दाखवायला एक टॅग सुचवला. चित्राचा फक्त पत्ता द्यायचा, ब्राउझर जाऊन ते घेऊन येतो. पत्ता कुणाचाही चालतो, मालकाला विचारायची गरज नाही. आणि तेव्हा होस्टिंगचं बिल यायचं ते किती डेटा गेला त्यावर. म्हणजे वाचक तुमचा, बिल त्याला. शेजाऱ्याच्या मीटरवर आकडा टाकून दिवे लावण्यातलाच प्रकार!

यातला सगळ्यात मजेशीर किस्सा राजकारणातला आहे. मार्च २००७. सिनेटर जॉन मॅकेन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होते आणि तरुणांसाठी मायस्पेसवर त्यांचं पान होतं. पानाचा साचा माइक डेव्हिडसन यांचा. न्यूजवाइन ही बातम्यांची साइट काढणारे तेच. साचा फुकट होता. फक्त श्रेय द्या आणि चित्रं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रचारवाल्यांनी दोन्ही केलं नाही. मग डेव्हिडसन यांनी हॅकिंग वगैरे काही केलं नाही. स्वतःच्याच सर्व्हरवरचं स्वतःचंच एक चित्र बदललं. झालं! समलिंगी विवाहाला विरोध करणारे मॅकेन आपल्याच पानावर ‘भूमिका बदलली, आता पूर्ण पाठिंबा’ अशा अर्थाची घोषणा करताना दिसू लागले. दुरुस्ती लवकरच झाली, पण तोवर बातमी झाली होती.

त्याच वर्षी परफेक्ट टेन विरुद्ध अॅमेझॉन खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं, चित्र ज्याच्या सर्व्हरवर आहे, तोच ते दाखवतो. नुसता पत्ता देणारा नाही. लिंकवाल्यांना हायसं वाटलं. पण २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी हा निकष मान्य केला नाही. तिथे वाद होता वृत्तसंस्थांनी एम्बेड केलेल्या ट्वीटमधल्या फोटोचा. म्हणजे आपल्याच धंद्याचा.

त्याआधी, २०१७ च्या जूनमध्ये, फोटोबकेटने नियम बदलला. इथे ठेवलेले फोटो दुसऱ्या साइटवर दाखवायचे तर वर्षाला ३९९.९९ डॉलर भरा. लोकांनी वर्षानुवर्षं फोटो तिथे टाकून ठेवले होते, गाडी दुरुस्तीच्या पायरी-पायरीच्या फोटोंपासून ईबेवरच्या विक्रीच्या मालापर्यंत. सगळीकडे एकच सूचनेचं चित्र झळकायला लागलं. पुढच्या वर्षी कंपनी नरमली, पण तोवर बरेच जण सोडून गेले होते.

आमच्या रिकाम्या चौकटींतले सगळ्यात जास्त फोटो पुराचे आहेत. बाजारपेठेत पाणी शिरलेलं, नदीवरचा पूल बुडालेला. काढणाऱ्याचा मोबाईलही आता बदललाय. तुमच्यापैकी कुणाकडे असतील तर पाठवा. लिंक नको, मूळ फाइल पाठवा.