उमेदवार म्हणजे कोण? शिकाऊ पोरांच्या पैशांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, सात माणसं. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक निळी प्लास्टिकची फाईल आहे, आणि ती दिसली की मला आजही थोडं लाजल्यासारखं होतं. का, ते सांगतो. पण त्याआधी तुम्हाला जरा मागं यावं लागेल, कारण त्या फाईलमधल्या कागदांवर जो शब्द आहे तो फार जुना आहे. तो शब्द म्हणजे 'शिकाऊ उमेदवार'.

आपण ॲप्रेंटिस म्हणतो. कायद्याच्या मराठीत तो 'शिकाऊ उमेदवार'. उमेद हा शब्द फारसीतून आलेला, अर्थ आशा. म्हणजे उमेदवार हा मुळात आशा लावून बसलेला माणूस. इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांमध्ये असे उमेदवार असायचे. लिहिता-वाचता येणारा पोरगा रोज येणार, नकला करणार, कारकुनांची कामं उरकणार, आणि पगार शून्य. कधीतरी जागा रिकामी होईल, साहेबांना आपली आठवण येईल, एवढीच आशा. यालाच 'उमेदवारी करणं' म्हणायचे. आज अनपेड इंटर्नशिप म्हणतात, लिंक्डइनवर टाकायला बरं दिसतं.

हातकाम शिकणाऱ्यांचं वेगळं होतं. त्यांच्यासाठी पहिला कायदा झाला १८५० साली, कंपनी सरकारच्या काळात. वय दहाच्या वर आणि अठराच्या आत असलेल्या मुलाला करार करून एखाद्या कारागिराकडे किंवा मालकाकडे बांधून देता यायचं, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. ही सात वर्षं हिंदुस्थानातली नाहीत बरं का. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने शागिर्दीची मुदत सात वर्षं ठरवली होती, तिचाच हा प्रतिध्वनी. करारावर सही बापाची किंवा पालकाची. आणि मूल अनाथ असेल, टाकलेलं असेल, किंवा भटकताना नाहीतर किरकोळ गुन्ह्यात सापडलेलं असेल, तर पालकाच्या जागी मॅजिस्ट्रेट.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. हा कायदा मुख्यतः गरीब आणि बेवारस मुलांचं काय करायचं या काळजीतून आला. उद्योगाला कुशल माणसं हवीत हा विचार तेव्हा मागे होता. १८५७ साली मुंबईत सुधारशाळा सुरू झाली ती याच विचारातून. पुढे ती डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि माहीमला आजही आहे. पोलिसांनी पकडलेल्या पोरांना तिथे हातकाम शिकवायचं. म्हणजे आपल्याकडे सरकारी कौशल्य प्रशिक्षणाची सुरुवात शाळेपेक्षा कोर्टाच्या जास्त जवळ झाली. 'आयटीआयला घातलंय' हे वाक्य काही घरांत अजून ज्या सुरात म्हटलं जातं, त्याचं मूळ मला कधीकधी इथे दिसतं. हा माझा अंदाज आहे, पटला तर घ्या.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि चित्र पालटलं. सैन्याला फिटर हवेत, टर्नर हवेत, वेल्डर हवेत, आणि ते आत्ता हवेत. १९४० मध्ये सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची मोठी योजना काढली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाची आणखी एक योजना होती, तिच्यात इथली तरुण पोरं थेट ब्रिटनला नेऊन तिथल्या कारखान्यांत शिकवली जात. पहिली तुकडी १९४१ ला पोहोचली. बाँब पडताहेत अशा देशात आपल्याकडची पोरं मशीन शिकायला गेली होती, सरकारी खर्चाने! यावर एक अख्खा एपिसोड व्हायला हवा, नक्की करू.

युद्ध संपत आलं तसा प्रश्न उलटा झाला. शिकवलेल्या आणि सैन्यातून सुटणाऱ्या माणसांना आता काम कुठलं? १९४५ च्या जुलैत पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभं राहिलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, १९४२ ते १९४६. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची, म्हणजे आपल्या जुन्या सेवायोजन कार्यालयांची सुरुवातही याच काळातली. संविधानाच्या पलीकडचे बाबासाहेब आपण फार कमी वाचतो.

फाळणीनंतर हीच यंत्रणा निर्वासितांच्या कामी आली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणि तिच्यासोबत पहिल्या पन्नासएक आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. आज एकट्या महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत.

आणि मग १९६१. नवा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि त्याने १८५० चा कायदा रद्द केला. तो जुना कायदा एकशे अकरा वर्षं जगला! नव्या कायद्याने कारखान्यांवर सक्ती आणली: इतक्या कामगारांमागे इतके शिकाऊ घ्याच, त्यांना विद्यावेतन द्याच, नाहीतर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. ही कैद २०१४ च्या दुरुस्तीत गेली.

या कायद्यातली दोन कलमं मला वाटतं प्रत्येक ॲप्रेंटिसने एकदा तरी वाचावीत. कलम १८ म्हणतं, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून त्याला कामगार कायदे लागू नाहीत, पीएफ नाही, ईएसआय नाही. (अपघात झाला तर मात्र भरपाईपुरता तो कामगार धरला जातो. बोट तुटलं की कामगार, पगार मागितला की प्रशिक्षणार्थी.) कलम २२ म्हणतं, प्रशिक्षण संपलेल्याला नोकरी देण्याचं धोरण मालकाने स्वतःच ठरवायचं. आता तो जुना कचेरीतला उमेदवार आठवा. शंभर वर्षांत त्याला विद्यावेतन मिळालं, ठरलेली मुदत मिळाली, सरकारी सर्टिफिकेट मिळालं. उमेद मात्र उमेदच राहिली.

आता पैसे कोण देतं, त्याकडे येतो. आजच्या भागाचा जीव खरं तर इथे आहे.

१९७३ मध्ये कायद्यात इंजिनिअर आले, पदवीवाले आणि डिप्लोमावाले. त्यांच्या विद्यावेतनातला अर्धा वाटा केंद्र सरकार कंपनीला परत देऊ लागलं. पश्चिम भारताचं हे काम पाहणारं मंडळ मुंबईत सायनला आहे. आणि आयटीआयवाला फिटर, टर्नर, वायरमन? त्याचं विद्यावेतन पूर्ण मालकाच्या खिशातून. लहान कारखान्यांना सुरुवातीच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या खर्चात थोडा हातभार मिळायचा, पण विद्यावेतनात एक रुपया नाही. एक मोठी कंपनी इंजिनिअर ठेवणार तर सरकार निम्मे देणार, आणि उद्यमनगरातला माझा मामा टर्नर ठेवणार तर त्याने सगळे स्वतः द्यायचे. चाळीस वर्षं हे असं चाललं. खुद्द आयटीआयमध्ये शिकणाऱ्यांना आपल्या राज्यात महिन्याला किती विद्यावेतन होतं माहितीये? चाळीस रुपये. जवळजवळ चार दशकं चाळीसच. २०२३ मध्ये ते पाचशे झालं.

ही भिंत पडली २०१४ मध्ये. त्या ऑक्टोबरात छोट्या कारखान्यांसाठी योजना आली, पहिल्या दोन वर्षांचं निम्मं विद्यावेतन सरकार देणार. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिची जागा राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेने घेतली, बोलीभाषेत नॅप्स. हिशेब असा: ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार देणार. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी ॲप्रेंटिस सक्तीचे केले, अडीच ते पंधरा टक्के. चार किंवा जास्त, पण तीसच्या खाली माणसं असतील तर मर्जीवर. म्हणजे मामांवर सक्ती नव्हती. तरी ते तयार झाले, कारण मी मागे लागलो होतो.

२०२१ ची गोष्ट. टर्नरचा आयटीआय केलेला शेजारच्या गावचा एक पोरगा आला. हात चांगला, बोलणं कमी. आयटीआय झालेल्याला तेव्हा किमान विद्यावेतन ७,०००. त्याचे २५ टक्के १,७५०, पण मर्यादा १,५००. मी मामांना म्हणालो, फॉर्मचं सगळं माझ्यावर सोडा. पोर्टलवर वर्कशॉपची नोंदणी केली, ओटीपी, पॅन, सगळं. पोरगा सोमवारी कामाला लागला.

आणि कराराची नोंदणी? ती मी 'करू' म्हणून ठेवली. आधी त्याच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, वडिलांच्या नावातलं एक अक्षर. मग माझी परीक्षा आली. करार नोंदवला गेला तोवर दोन महिने उलटले होते. पोर्टलच्या लेखी त्याचं प्रशिक्षण त्या दिवशी सुरू झालं. आधीचे दोन महिने तो कोणीच नव्हता. ना कामगार, ना शिकाऊ. म्हणजे अगदी जुन्या अर्थाचा उमेदवार. मामांनी त्याला पैसे पूर्ण दिले होते, प्रश्न तो नव्हता. त्याची मुदत दोन महिने पुढे गेली, आणि त्यामुळे ज्या परीक्षेला तो बसणार होता ती हुकली. पुढची परीक्षा येईपर्यंत त्याला थांबावं लागलं.

सरकारच्या वाट्याचंही सांगतो. तेव्हा पद्धत अशी होती की मालकाने आधी पूर्ण विद्यावेतन बँकेतून द्यायचं, हजेरी चढवायची, मग दावा करायचा. आमचे पैसे आले, उशिरा आणि तुकड्यांनी. मी मामांना सॉरी म्हणालो, तर मामा म्हणाले, "पंधराशेसाठी ठेवलाय व्हय मी त्याला? पैशाचं ऱ्हाऊ दे. त्या पोराचं वर्ष गेलं, त्याला काय सांगणार हाईस?"

मी त्याला सांगितलं. चूक माझी आहे म्हणून. तो म्हणाला, "असू दे दादा, होतं." असं कोणी म्हणालं की जास्त लागतं.

२०२३ च्या ऑगस्टपासून पद्धत बदलली. सरकारचा वाटा आता मालकाकडे न जाता थेट पोराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. मालकाने उरलेली रक्कम द्यायची. मला हा बदल चांगला वाटतो, सरकारने पैसे शिकणाऱ्याच्या नावाने पाठवले. पण आता नाव जुळलं नाही, खातं आधारला जोडलेलं नसलं, तर फटका मालकाला नाही, पोरालाच. त्याचेच १,५०० अडकतात.

२०२४ मध्ये आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००, सहा महिने, पुढे वाढवून अकरा. मुदत संपल्यावर 'कायम करा' म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. बातम्यांखालच्या कमेंट्समध्ये लोक त्यांना हसत होते, अटी आधीच वाचल्या नव्हत्या का म्हणून. मला हसू आलं नाही. उमेदवाराला उमेद ठेवू नको असं सांगणं जरा अवघडच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण यातल्या कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर असणार, म्हणून एवढंच सांगतो: पहिल्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधी विचारा, करार नोंदवला का, आणि त्याचा नंबर मागून घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सर्टिफिकेट, आधार, बँक, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आजच बघा. लाजू नका, मालक चांगला असला तरी विचारा. माझे मामा चांगलेच होते.

तो पोरगा नंतर परीक्षा पास झाला आणि चाकणला गेला, एका कंत्राटदारामार्फत. दिवाळीत मामांना फोन करतो. गेल्या जूनमध्ये मामांकडे नवीन ॲप्रेंटिस आला, यावेळी मुलगी, मशिनिस्ट. मी पोहोचलो तर ती बाहेर बाकावर बसली होती. मामांनी तिला आत घेतलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "आधी ते तुझं काँप्युटरचं उरक. मग लेथ दाखवतो तिला."

चला, भेटू पुढच्या रविवारी.